ड्रिलची धूळ आणि ती ओढणारं मशीन : नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

कूलरचं स्टँड, एसीचा पाईप, टीव्हीचं ब्रॅकेट, देवघराची फळी. उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी नागपुरात भिंतीला भोकं पाडायचं काम एकदम वाढतं. ड्रिल विकत किंवा भाड्याने न्यायला आलेली माणसं मग धुळीबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला आणि रोज ड्रिल हातात धरणाऱ्या फिटरला, इलेक्ट्रिशियनला सांगायचं काही ठिकाणी वेगळं असतं; तिथे ते वेगळं सांगितलं आहे.

एका भोकातून चिमूटभर धूळ निघते. तिच्यासाठी वेगळं मशीन कशाला?

हिशोबच करून पाहू. १० मिलिमीटर जाडीच्या बिटने काँक्रीटमध्ये ६० मिलिमीटर खोल भोक पाडलं, तर साधारण ४.७ घन सेंटिमीटर माल बाहेर येतो. वजनात तो ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातला बराचसा माल जाडा असतो आणि खाली फरशीवर पडतो. त्रास त्याचा नाही.

अमेरिकेत कामगारांच्या श्वासातल्या बारीक सिलिकासाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. तेवढी हवा त्या पातळीला न्यायला अंदाजे १.७ मिलिग्रॅम बारीक सिलिका पुरते. म्हणजे एका भोकातून निघालेल्या ११ ग्रॅमचा जेमतेम साडेसहा हजारावा भाग. मर्यादा दिवसभराच्या सरासरीची असल्याने एका भोकाने कोणी आजारी पडत नाही, हे खरंच. पण ‘एवढीशी धूळ’ हा अंदाज किती फसवा आहे ते या आकड्यांवरून कळतं. आणि ज्याचा धंदाच भोकं पाडायचा आहे, त्याची सरासरी कुठे जात असेल याचा विचार करा.

दिसणारी धूळ जास्त वाईट की न दिसणारी?

न दिसणारी. डोळ्यांना दिसणारा जाडा कण नाकात, घशात अडकतो आणि शिंकेतून, खाकरण्यातून बाहेर पडतो. चार-पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा असा कण तिथे जाऊन बसला की शरीर त्याला विरघळवू शकत नाही. त्याच्याभोवती व्रण धरत जातात आणि फुप्फुस कडक होतं. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. बहुतेकांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त संपर्कानंतर तो दिसू लागतो. धुळीचा मारा फार असेल तर त्याच्या कितीतरी आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला १९९७ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. शिवाय सिलिका साचलेल्या फुप्फुसाला क्षयरोग लवकर धरतो. आपल्याकडे क्षयाचं प्रमाण पाहता ही गोष्ट बाजूला टाकण्यासारखी नाही.

आपल्या नागपूरच्या भिंतीत सिलिका असते का? इथला दगड तर काळा.

हा प्रश्न विचारणाऱ्याला दगडाची जाण आहे. शहराचा पश्चिम भाग, सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, हे सगळं दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर उभं आहे आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारच कमी असतं. काँक्रीटमधली काळी गिट्टी बहुतेक ह्याच दगडाची. पण काँक्रीट नुसत्या गिट्टीचं नसतं. त्यात आणि गिलाव्यात वाळू असते. कन्हानसारख्या नदीची पांढुरकी, चमचमणारी वाळू हातात घेऊन पाहा. तो चमकणारा दाणा म्हणजे क्वार्ट्झ. बेसाल्टची क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरलेल्या भिंतीत क्वार्ट्झ कमी निघू शकतं, पण तुमच्या बिल्डरने कोणती वाळू टाकली हे भिंतीकडे बघून कळत नाही.

ढोबळ प्रमाण असं धरतात : वालुकाश्मात ७० ते ९० टक्के, काँक्रीट आणि सिमेंटच्या मसाल्यात २५ ते ७०, फरशीच्या टाइल्समध्ये ३० ते ४५, ग्रॅनाइटमध्ये २० ते ४५, विटेत ३० टक्क्यांपर्यंत, संगमरवरात आणि चुनखडीच्या दगडात साधारण २ टक्क्यांपर्यंत. कामठीकडचा वालुकाश्म या यादीत सगळ्यात वरचा. आजकाल ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्झचा स्लॅब लावतात, त्यात तर ९० टक्क्यांवर सिलिका असू शकते. त्याला कोरडं भोक पाडूच नका. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा सर्रास लागतात. त्या हाताला मऊ लागतात, ड्रिल पटकन आत जातं, म्हणून धूळही निरुपद्रवी असेल असं लोक धरून चालतात. राखेतही क्वार्ट्झ असतं आणि विटेत वाळू मिसळलेली असते, तेव्हा तिथे ढिलाई नको.

घरचा व्हॅक्युम क्लीनर लावला तर चालत नाही का?

फरशीवर पडलेलं उचलायला चालेल. भोक पाडताना लावायला नाही. घरगुती मशीनची साधी पिशवी जाडी धूळ अडवते आणि सगळ्यात बारीक धूळ मागच्या जाळीतून खोलीत परत सोडते. समोर स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस मास्क काढतो आणि मागून येणारी धूळ ओढत बसतो. शिवाय काँक्रीटच्या पिठाने फिल्टर काही मिनिटांत चोंदतो, मोटर तापते आणि वास येऊ लागतो. दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती व्हॅक्युममध्ये सिमेंटची भुकटी भरलेले नग नेहमीचेच.

मशीनवर एल, एम, एच लिहिलेलं असतं. घ्यायचं कोणतं?

हे युरोपियन वर्ग आहेत. एल वर्गातून जास्तीत जास्त १ टक्का धूळ पलीकडे जाऊ शकते, एम मधून ०.१ टक्का, एच मधून ०.००५ टक्का. काँक्रीट, वीट, टाइल्स, लाकूड यांसाठी किमान एम. ॲस्बेस्टॉससारख्या गोष्टींसाठी एच. एम वर्गाच्या मशीनला एक सूचना देणारी सोयही असावी लागते : पाईपमधल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की ते आवाज किंवा दिवा देऊन सांगतं. आवाज कटकट करतो म्हणून तो बंद करून ठेवणारे आहेत. मग एमचे पैसे कशाला मोजले, कोण जाणे.

खोक्यावर नुसतं ‘हेपा’ (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर) लिहिलं म्हणजे झालं असं नाही. फिल्टर हेपा असला तरी तो ज्या चौकटीत बसतो तिथलं रबर सैल असेल, तर धूळ बाजूने निघून जाते. वर्ग हा अख्ख्या मशीनला मिळतो, एकट्या फिल्टरला नाही. बघायचा तो वर्गच.

ड्रिलला ही सोय जोडायची कशी?

चार तऱ्हा आहेत. सर्वात साधी म्हणजे बिटाभोवती बसणारा रबरी किंवा प्लास्टिकचा कप, त्याच्या बाजूने पाईप निघतो आणि एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे धूळ ओढणाऱ्या मशीनला जातो. दुसरी, ड्रिलच्याच पुढे अडकवायचा छोटा धूळडबा. त्याचा पंखा ड्रिलच्या मोटरवर किंवा स्वतःच्या मोटरवर चालतो. बॅटरीच्या ड्रिलवर शिडीवर काम असेल तर हा बरा, कारण पाईप लोंबकळत नाही. तिसरी, पोकळ बिट. धूळ बिटाच्या टोकाशीच आत ओढली जाते आणि मागच्या बाजूने पाईपात जाते. जाड अँकरची, म्हणजे वजन पेलायला भिंतीत बसवायच्या बोल्टची, भोकं पाडणाऱ्यांसाठी मला हीच सगळ्यात पसंत आहे, कारण भोक पाडून झालं की ते आतून साफही झालेलं असतं. चौथी, भिंतीला ओढीनेच चिकटून बसणारी चकती. गुळगुळीत रंगाच्या भिंतीवर छान बसते, खडबडीत प्लास्टरवर निसटते.

कोणतीही घ्या, ड्रिल बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला हवेचा प्रवाह तुमच्या एक्स्ट्रॅक्टरने दिला पाहिजे. ड्रिल एका कंपनीचं, कप दुसऱ्या, मशीन तिसऱ्या, आणि मध्ये चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड, ही जुळवाजुळव चालते तेव्हा चालते. बहुतेक वेळा जोडातून हवा गळते आणि कपाशी ओढच उरत नाही. योग्य मापाचा ॲडॉप्टर घ्या.

पाईपचं तोंड बिटाजवळ हाताने धरलं तर?

दुसरा माणूस धरणार असेल आणि तोंड भोकाला जवळपास टेकलेलं असेल, तर काहीच नसण्यापेक्षा बरं. पाईप चार बोटं लांब गेला की ओढ जवळजवळ संपते. हवा ओढणारं तोंड फुंकणाऱ्या तोंडासारखं लांबवर पोचत नाही. एकट्याने मात्र हे करू नका. रोटरी हॅमरला, म्हणजे ठोके देत फिरणाऱ्या ड्रिलला, दोन्ही हात लागतात, एक मुठीवर, एक बाजूच्या दांड्यावर. काँक्रीटमध्ये सळई लागली की मशीन झटका देऊन फिरतं आणि एका हाताने धरलेलं असलं तर मनगट मोडतं.

कप लावला की पेन्सिलची खूण झाकली जाते. भोक सरकतं.

खूण ठिपक्याची करू नका. कपाच्या बाहेर येतील एवढ्या लांब दोन रेघा मारा, आडवी आणि उभी. बिटाचं टोक छेदावर ठेवा आणि रेघा कपाच्या कडेशी जुळवा. टाइल असेल तर आधी कप न लावता अगदी हळू, हॅमर बंद ठेवून टोक बसवून घ्यायचा मोह होतो; टाइलची धूळ वाईट, तेव्हा तेवढ्यालाही दुसऱ्याने पाईप जवळ धरलेला बरा.

आणि कप लावण्याआधी भिंतीतली वायर, पाईप कुठून गेलेत ते पाहून घ्या. बोर्डाच्या सरळ वर-खाली, नळाच्या सरळ वर भोक नको. एकदा कप बसला की आत काय चाललंय ते दिसत नाही.

धूळडबा लावल्यापासून भोक कमी खोल पडतं.

डब्याच्या पुढच्या स्प्रिंगचा भाग दबून शेवटी जागा खातो. भोक किती खोल जावं ते ठरवणारी पट्टी डब्यासकट नव्याने लावा, लांब बिट घ्या. जोर लावून ढकलू नका.

कागदाचं पाकीट भिंतीला चिकटवायची युक्ती चालते ना?

झाडायचं काम वाचवते. श्वास वाचवत नाही.

पाणी मारत ड्रिल केलं तर धूळ उडतच नाही. मग?

पाणी धूळ दाबतं, यात शंका नाही. एसीच्या पाईपसाठी दोन-अडीच इंचाचं कोअर कटिंग (पोकळ नळीसारख्या बिटने गोल कापणं) करणारे पाण्यावरच करतात आणि ते योग्य आहे, कारण ते मशीन त्यासाठी बनलेलं असतं, त्याला पाण्याचा जोड आणि वायरवर गळती पकडणारा संरक्षक स्विच असतो. साध्या हातातल्या इलेक्ट्रिक ड्रिलवर कोणाला बाटलीने पाणी शिंपडायला उभं करणं हा वेगळाच धोका आहे. पाणी मोटरीत गेलं की शॉक. ओल्या कामासाठी नसलेल्या ड्रिलला कोरडं चालवा आणि धूळ ओढून घ्या. कोरडं डायमंड कोअर चालवायचं असेल तर एक्स्ट्रॅक्टरशिवाय एक इंचही पुढे जाऊ नका. भिंतीतून दंडगोल अखंड निघतो म्हणून वाटतं धूळ झालीच नाही, पण कापलेल्या चिरेतला सगळा माल पीठ होऊन निघालेला असतो.

तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो आमचा. तेवढं पुरे नाही का, भाऊ?

नागपूरचं ऊन आणि दुपट्टा यांची सांगड तुटणार नाही, तुटायलाही नको. उन्हासाठी तो बरोबर. या धुळीला तो अजिबात थांबवत नाही; सुती कापडाच्या विणीतून बारीक कण आरपार जातो, दोन घड्या केल्या तरी. त्याहून वाईट म्हणजे दुपट्ट्याचं टोक. खाली लोंबकळणारं टोक फिरत्या चकमध्ये (बिट पकडणारा भाग) गुंतलं तर मान खाली खेचली जायला डोळा मिटायचाही वेळ मिळत नाही. ड्रिल हातात घेण्याआधी दुपट्टा काढून खिशात किंवा गाडीवर. तेच सैल बाह्यांचं, तेच लोकरी हातमोज्यांचं.

मग मास्क कोणता? मे महिन्यात ४५ डिग्रीला तो सहन होतो का?

एन ९५ किंवा एफएफपी २, आयएस ९४७३ या भारतीय मानकाची खूण असलेला. मेडिकलच्या दुकानातला तीन पदरी सर्जिकल मास्क कडेने उघडा असतो, तो नाही. नाकाची पट्टी दाबा, दोन्ही पट्टे डोक्यामागून घ्या, जोरात श्वास सोडून कडेने हवा येते का पाहा. दोन दिवसांची दाढी असली तरी कड नीट बसत नाही. ही गोष्ट कोणाला ऐकायला आवडत नाही.

उकाड्यावर खरा उपाय वेळेचा आहे. भोकांचं काम सकाळी सहा ते दहात उरकून घ्या, फिटिंगचं काम दुपारी. झडप असलेला मास्क थोडा सुसह्य होतो. घामाने भिजला की तो टाकून नवा घ्यायचा. वाळवून पुन्हा वापरायचा नाही.

एक्स्ट्रॅक्टर असताना मास्क लागतोच का?

अमेरिकेच्या २०१६ च्या बांधकाम नियमात हातातल्या ड्रिलसाठी असं ठरवलं आहे : ड्रिलला बाजारात मिळणारा धूळकप, त्याला ९९ टक्के किंवा जास्त धूळ अडवणाऱ्या फिल्टरचं मशीन, फिल्टर आपोआप किंवा हाताने झटकायची सोय, प्रवाह कंपनीने सांगितल्याएवढा, आणि भोक साफ करायला हेपा व्हॅक्युम. एवढं सगळं पाळलं तर वेगळा मास्क बंधनकारक नाही. एकही कडी तुटली की मास्क लागला. आपल्याकडच्या साइटवर साऱ्या कड्या एकाच वेळी शाबूत असल्याचं क्वचित दिसतं, म्हणून माझं मत दोन्ही वापरा असंच आहे. चष्मा तर कधीच सुटत नाही.

ड्रिल चालू असताना कूलर चालू ठेवला तर धूळ बाहेर जाईल ना?

उलट होतं. कूलर हवा आत ढकलतो. खिडकीत बसवलेला कूलर भोकातून उडालेली बारीक धूळ अख्ख्या घरात, पलंगावर, स्वयंपाकघरात पोचवतो. काम चालू असताना कूलर आणि पंखा बंद, आतल्या खोल्यांची दारं बंद, बाहेरची खिडकी उघडी. काम संपल्यावर धूळ ओढणारं मशीन काही वेळ तसंच चालू द्या. मग समोरासमोरची खिडकी-दार उघडून कूलर लावा, म्हणजे हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाईल. पण कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत माणसं बसवू नका.

धूळ खाली बसेल म्हणून थांबणार असाल तर किती थांबाल? हवा अगदी निश्चल असली तरी १ मायक्रॉनचा कण तीन मीटरवरून खाली यायला जवळजवळ एक दिवस घेतो. लहान मुलं, गरोदर बाई, दमा असलेली म्हातारी माणसं यांना काम होईपर्यंत शेजारी पाठवा. नंतर कोरडा झाडू नाही. आधी व्हॅक्युम, मग ओला पोछा.

भोकातली धूळ तोंडाने फुंकून काढतो. त्यात काय वाईट?

फुंकल्यावर ती धूळ कुठे जाते? समोर तुमचंच तोंड आणि डोळे आहेत. शिवाय अँकर नीट बसत नाही. भोकाच्या भिंतीला पिठाचा थर राहिला की फास्टनर दगडाला न धरता पिठाला धरतो आणि गीझरसारखं वजन काही महिन्यांत खाली ओढतं. केमिकल अँकर, म्हणजे चिकट रसायन भरून बसवायचा, तर धुळीवर जवळजवळ चिकटतच नाही. व्हॅक्युमचं बारीक तोंड आत घालून ओढा, तारेचा किंवा नायलॉनचा ब्रश फिरवा, पुन्हा ओढा. कंप्रेसरच्या हवेने भोक किंवा कपडे झटकणं बंदच करा.

डोक्यावर, स्लॅबमध्ये भोक पाडताना?

सगळ्यात जास्त धूळ तोंडावर येते ती इथेच, आणि एक्स्ट्रॅक्शनचा सगळ्यात जास्त उपयोगही इथेच. कप नेहमीपेक्षा खोल घ्या, नाहीतर पडलेला जाडा माल त्यात साचून पाईपाचं तोंड बुजतं. स्टुलावर उभं राहताना पाईप पायात येऊ नये म्हणून तो शिडीच्या वरच्या पायरीला सैल बांधा. गळ्यात अडकवू नका. खांद्यावरून घेतला तरी मशीन घसरलं तर तुम्हालाही ओढेल. खाली कोणी उभं असलं तर त्याने मशीन धरावं, वर बघत बसू नये.

लोखंड आणि लाकूड दोन्हीला एकच पिशवी चालेल?

नाही. गरम लोखंडी कीस कोरड्या भुशाच्या पिशवीत पडला तर आतल्या आत धुमसतो. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकटीला, ग्रिलला भोक पाडताना कीस तबकात किंवा चुंबकाने गोळा करा. ग्राइंडरच्या ठिणग्या तर या मशीनमध्ये कधीच नकोत. लाकडाच्या कामाची पिशवी वेगळी ठेवा आणि रात्रभर भरलेली दुकानात ठेवू नका. सागाचा भुसा सुगंधी असला तरी लाकडाची धूळसुद्धा कर्करोगाच्या त्याच पहिल्या गटात आहे.

मागच्या शेडच्या सिमेंटच्या पत्र्याला आणि महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या दाराला भोक पाडायचं आहे.

जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असतो असं धरूनच चला. त्याला इलेक्ट्रिक ड्रिल लावू नका, एम वर्गाचं मशीनही त्यासाठी नाही. पत्र्याला हात न लावता लाकडाच्या किंवा लोखंडाच्या वाशाला क्लॅम्प लावून काम होत असेल तर तसं करा.

जुन्या दाराच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर कसले आहेत ते कोणी सांगू शकत नाही. भोकाची जागा आधी ओली करून रंग हाताने खरवडा, मग धूळ ओढत ड्रिल करा. मुलं तिथे खेळत असतील तर खालची फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसा.

ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर एकाच बोर्डावर लावून राहिलो. बोर्ड गरम होतो.

८०० वॅटचा हॅमर आणि १२०० वॅटचा एक्स्ट्रॅक्टर मिळून २००० वॅट. २३० व्होल्टला ते जवळपास ८.७ अँपिअर होतात. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर ते चालवायचंच नाही. १६ अँपिअरचा पॉइंट घ्या, जाड वायरचं एक्स्टेन्शन घ्या आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर आतून वितळते. बऱ्याच एक्स्ट्रॅक्टरवर ड्रिल लावायचा सॉकेट असतो, ड्रिलचा घोडा दाबला की मशीन आपोआप सुरू होतं आणि ड्रिल थांबल्यावर थोडा वेळ चालत राहून पाईप रिकामा करतं. सोय उत्तम, पण त्या सॉकेटवर लिहिलेल्या वॅटच्या पुढे जाऊ नका. जिथे शक्य आहे तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडून वीज तोडणारा स्विच.

पाईपला हात लागला की चटका बसल्यासारखा झटका येतो.

कोरड्या हवेत धूळ पाईपातून घासत जाते तेव्हा स्थिर वीज साचते. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे जास्त होतं. जीवाला धोका नसतो, पण शिडीवर असताना दचकून तोल जातो. अँटिस्टॅटिक पाईप आणि अर्थिंगचा तिसरा पिन शाबूत असलेलं मशीन वापरा. तिसरा पिन कापून दोन पिनांत घुसवलेलं मशीन आणलं, तर आधी पिन लावून घ्या.

पिशवी कधी आणि कशी बदलायची?

सगळी मेहनत पाण्यात जाते ती याच ठिकाणी. दिवसभर नीट धूळ ओढायची आणि संध्याकाळी डबा उघडून गच्चीवर किंवा कचऱ्याच्या गाडीत आपटून रिकामा करायचा. तेवढ्या एका मिनिटात दिवसभर वाचवलेली धूळ श्वासात जाते. बहुतेकदा हे काम हेल्परला सांगतात, त्याला ना मास्क असतो ना कोणी काही सांगितलेलं असतं.

दोन-तृतीयांश भरली की पिशवी बदला. मास्क लावा, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करा. वापरून टाकायची पिशवी असेल तर तोंडाचा चाप बंद करून, हळू बाहेर काढून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा. डबा असेल तर तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण घालून मग आतच उलटा करा. फिल्टर भिंतीवर किंवा चाकावर आपटायचा नाही, त्याच्या घडीला बारीक भेग पडली तरी मशीन निकामी झालं. मशीनची झटकायची सोय वापरा, ती आत बंद असताना झटकते. पाण्याने धुवायचा फिल्टर असेल तरच धुवा, पूर्ण सुकल्याशिवाय परत घालू नका. ओल्या फिल्टरवर सिमेंट बसलं की ते दगड होतं.

ओढ कमी झाली आहे. मशीन खराब झालं?

आधी पाईप सरळ करून बघा, मग पिशवी, मग फिल्टर, मग कपाचं रबर. या चारांत कारण मिळतं. रबर झिजलं असेल तर अख्खा कप बदलायची गरज नसते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नुसतं रबर मिळतं का ते आधी विचारा.

भाड्याने घेताना काय बघायचं?

डबा उघडून आत बघा. आतल्या बाजूला, फिल्टरच्या पलीकडे, मोटरकडच्या भागात धूळ दिसली तर ते मशीन परत द्या. कडेला रबर बसतं का, पाईप फाटलेला तर नाही, चाप लागतात का हे बघा. नवी पिशवी भाड्यात आहे की वेगळी ते विचारून घ्या.

पंधरा वर्षं हेच काम करतो. खोकला जात नाही. टीबीची औषधं झाली, तरी दम लागतो.

मेडिकल, मेयो (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं) किंवा मिहानमधल्या एम्सच्या श्वसनरोग विभागात दाखवा आणि पहिल्या वाक्यात सांगा, ‘मी इतकी वर्षं काँक्रीटला भोकं पाडतो, झिऱ्या मारतो.’ डॉक्टरांनी विचारेपर्यंत थांबू नका. सिलिकोसिसचा एक्स-रे टीबीसारखा दिसू शकतो आणि चुकून त्याचीच औषधं चालू राहिल्याचं आपल्या देशात वारंवार घडतं. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, दोन्ही सांगून करून घ्या. जुने एक्स-रे फेकू नका, तुलनेला लागतात. बिडी, सिगारेट असेल तर ती आजच सोडायचं कारण मिळालं असं समजा. बांधकामावर गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते; ती नसेल तर करून ठेवा. सोबत काम करणाऱ्या पोरांनाही तपासायला न्या, एकाच धुळीत सगळे उभे होते.